मेलेल्या कंपन्यांचे खण

ती. ताईस,

ज्या टेबलावर कागद ठेवून हे लिहितो आहे ते टेबल, ज्या खुर्चीत बसलो आहे ती खुर्ची (तिचा डावा हात सैल झाला आहे, पण तो गेल्या खेपेला भाऊजी तिच्यावर उभे राहून पंखा पुसायला गेले म्हणून), डोक्यावरचा दिवा, दिव्याची वायर, वायरीवरची लाकडी पट्टी, खिडकीची जाळी, बाहेरच्या जिन्याचा कठडा, आईला शेवटी शेवटी लागली ती चाकांची खुर्ची, तुझ्या घरातलं कपाट (ज्याचं दार तू अजून ढकलतेस, ते ओढायचं आहे), आणि दंतवैद्यांच्या तळघरातली आमची अख्खी रेल्वे, रुळांखालच्या खडीसकट, हे सगळं कुणाच्या हाताखाली न शिकता स्वतःच्या दोन हातांनी ज्याने केलं, त्या तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार.

पत्र पोचलं. तुझ्या गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. भाऊजींच्या कानांचं वाचून तितकंसं वाटलं नाही, कारण ऐकू येत होतं तेव्हाही ते माझं ऐकत नव्हते. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, पण हळू आवाजात.) आम्ही इथे ठीक आहोत. भिंतीला ओल आहे आणि मला खोकला आहे, दोन्ही जुनेच. मोटर रिवाइंडिंगचं दुकान उघडतो आणि बंद करतो, मधल्या वेळात फारसं काही घडत नाही. लोक आता जळालेला पंखा दुरुस्तीला आणत नाहीत, नवा आणतात आणि जुना माझ्या दुकानासमोर टाकून जातात, बहुधा मला सोबत म्हणून. तुझी भावजय चष्म्याच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते. मालकाने काउंटरमागे स्टूल ठेवलेलं नाही, बसलेली बाई पाहून गिऱ्हाइकाला आपण घाईत आहोत हे आठवतं असं त्याचं मत. संध्याकाळी ती घरी येते, बादलीत गरम पाणी घेते, पाय बुडवून बसते आणि माझ्याकडे बघते. बोलत नाही. बोलली असती तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

फोन न करता पत्र लिहितो आहे ह्याचं कारण तुला माहीत आहे. फोनवर तू रडतेस आणि मी चिडतो, आणि शेवटी दोघांनाही भाऊजींची तब्येत विचारावी लागते. तू सगळ्या पत्रात एकच प्रश्न विचारला आहेस, तोही शेवटी, कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहावा तसा: ‘सही केलीस का?’ ह्याचं उत्तर एका शब्दात देता येईल, पण एका शब्दात उत्तर देणारं माणूस आपल्या घराण्यात अजून जन्मायचं आहे. तेव्हा क्रमाने सांगतो. क्रम हाच माझा धंदा आहे (ज्याचे पैसे मिळतात तो नव्हे, खरा).

भाऊजींना हे समजावून सांगताना कृपा करून ‘खेळण्यातल्या गाड्या’ म्हणू नकोस. आमचं इंजिन वीतभर लांब असतं, पण चाकाचा आरा न् आरा मापात असतो. त्याच्या पोटात नखाएवढी चिप असते, तिला डिकोडर म्हणतात. रुळांतून आलेला हुकूम ती ओळखते आणि मोटरला सांगते, चल, थांब, दिवा लाव. ह्या चिपमध्ये दोनेकशे खण असतात असं समज आणि प्रत्येक खणात एकेक आकडा. एका खणात वेग किती, दुसऱ्यात सुटताना बसणारा धक्का किती, तिसऱ्यात दिवा किती तेज. आकडा बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो. (माणसांना अशी सोय असती तर मी प्रथम भाऊजींचा खण शोधला असता.) घोटाळा असा की खणांवर नावं नसतात, आणि ज्या कंपनीची चिप तिची खणांची मांडणी वेगळी. म्हणून संगणकावर एक प्रोग्राम असतो आणि त्यात प्रत्येक चिपची एक फाइल. तिला डेफिनिशन म्हणतात. म्हणजे दुसरं काही नाही, खणांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या. एका चिपच्या चिठ्ठ्या दुसऱ्या चिपला लावल्या, तर मीठ म्हणून हात घालावा आणि धुण्याचा सोडा निघावा, तशी गत.

हा प्रोग्राम फुकट आहे आणि जगभरचे हौशी लोक त्यात आपापल्या फायली घालत असतात. म्हणजे बारभाईंचा कारभार. कुणी कंपनीचं नाव लहान अक्षरांत लिहितो, कुणी मोठ्या, कुणी आवृत्ती लिहितच नाही, आणि एक महाभाग आपल्या कुत्र्याच्या नावाने फाइल ठेवून गेला होता. मी गेली काही वर्षं हे सगळं नीट लावतो आहे. आधी कंपनी, मग घराणं, मग मॉडेल. प्रत्येक चिपचं चित्र (माझ्या हातचं), वायरींचे रंग (मी स्वतः भिंगाखाली बघितलेले), एकाच चिपची दोनदा आलेली नावं काढून टाकलेली. ही माझी यादी आता दुसऱ्या गावांतली मंडळंही वापरतात. मला कुणी धन्यवाद देत नाही, पण चूक सापडली तर तासाभरात कळवतात, म्हणजे वाचतात हे नक्की.

आता एक उदास गोष्ट. यादीतल्या निम्म्याअधिक कंपन्या मेलेल्या आहेत. कुणी एक माणूस गॅरेजमध्ये बसून चिपा बनवायचा. मग त्याचे पैसे गेले, मग बायको गेली, मग डोळे गेले (क्रम थोडाफार बदलतो) आणि कंपनी मिटली. पण चिपा लोकांच्या इंजिनांत अजून जिवंत. त्यांचे खण सांगणारं जगात कुणी उरलं नाही, ती एक फाइल सोडली तर. आमच्या मंडळाचं थोडंफार तसंच. मंडळ दंतवैद्यांच्या तळघरात भरतं, म्हणून दंतवैद्य अध्यक्ष. वर त्यांचा दवाखाना. आम्ही इंजिनाची शिट्टी बारीक ठेवतो, वरच्या पेशंटला ती आपल्याच दाढेतून आली असं वाटू नये म्हणून. एकेक सभासद कमी होतो आहे. सभासद गेला की त्याचा मुलगा बुटांच्या खोक्यात इंजिनं घेऊन येतो आणि विचारतो, ह्याचं काय येईल? खुर्च्या मात्र अध्यक्षांनी काढल्या नाहीत. त्यामुळे तळघरात माणसांपेक्षा खुर्च्या जास्त आहेत आणि नवा माणूस आला की आम्ही सगळे एकदम ओरडतो, तिथे नको, तिथे बसू नका! नवा माणूस पुन्हा येत नाही.

असो. यादीत दोन फायली होत्या. एक मोठ्या कंपनीच्या जुन्या चिपची, दुसरी अशाच एका गॅरेजवाल्याच्या चिपची. दोन्ही चिपांना प्रोग्रामने विचारलं, तुझा बाप कोण, तर दोघी एकच क्रमांक सांगायच्या, कारण गॅरेजवाल्याने स्वतःचा क्रमांक मिळवण्याची खटपट न करता मोठ्या कंपनीचाच उचलला होता. सुरुवातीचे खणही जसेच्या तसे. माझ्या मते ही एकच चिप होती, दोन खोक्यांत विकलेली. गॅरेजवाल्याच्या फायलीच्या डोक्यावर मात्र कुणीतरी एक ओळ लिहून ठेवली होती: ‘ह्या दोन फायली एक करू नयेत.’ कारण नाही, नाव नाही, तारीख नाही. ताई, बिनकारणाचा हुकूम मला लहानपणापासून सोसत नाही. बाबांनी सांगितलं होतं, त्या प्लगात बोट घालू नकोस. का, ते सांगितलं नाही. पुढचं तुला माहीत आहे, डॉक्टरांकडे उचलून तूच नेलं होतंस. तेव्हा मी ती ओळ पुसली आणि दोन फायलींची एक केली. यादी एका ओळीने आखूड झाली. असा आनंद ज्याला कळतो त्याला समजावून सांगावा लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही, म्हणून पुढे जातो.

ह्याच सुमारास चिपांच्या एका भल्या चालत्या कंपनीच्या कानावर माझी यादी गेली आणि त्यांचा माणूस भेटायला आला. ह्याला आम्ही बूटवाले म्हणतो. असे बूट आमच्या तळघरात पूर्वी कधी उतरले नव्हते. तो जिना उतरताना पायऱ्यांकडे बघत नव्हता, बुटांकडे बघत होता. त्याने माझी यादी वरपासून खालपर्यंत सरकवली आणि म्हणाला, “काका, हे एकट्याने केलंत? आमच्याकडे सहा जण बसतात ह्याला.” मी म्हटलं, सहा जण बसतात म्हणूनच होत नाही. (हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. एरवी मला घरी आल्यावर सुचतं.) तो हसला आणि म्हणाला, एखाद्या जुन्यात जुन्या चिपवर चालवून दाखवा.

जुन्यात जुनी चिप पोस्टमास्तरांच्या इंजिनात होती. पोस्टमास्तर म्हणजे खरेच पोस्टमास्तर, निवृत्त. हाडं आणि कोट एवढाच माणूस. त्यांच्याकडे एकच काळं इंजिन आणि एकच डबा, दोन्ही लोकरी मफलरमध्ये गुंडाळून आणतात. त्यांची गाडी इतकी हळू चालायची की नवख्याला ती उभी आहे असं वाटायचं आणि तो उचलून बघायला जायचा. सगळे त्यांची चेष्टा करायचे. दंतवैद्य विचारायचे, “मास्तर, गाडी निघाली आहे की पोचली आहे?” मास्तर म्हणायचे, “निघाल्याचं नक्की आठवतं.” आणि पुन्हा गाडीकडे बघत बसायचे, सभा संपेपर्यंत.

संगणकावर मी एक पाटी लावली आहे, रंगवलेलीही मीच: ‘आधी वाचा, मग लिहा.’ म्हणजे कुठल्याही चिपला हात लावण्याआधी तिच्या खणांतले सगळे आकडे वाचून जपून ठेवायचे, मगच नवे लिहायचे. वाचायला वेळ लागतो, चिप एकेक खण सावकाश सांगते, म्हाताऱ्या माणसाला औषधांची नावं विचारावीत तसं. बूटवाल्यांनी घड्याळ पाहिलं. मी पाटीकडे पाहिलं. मग मी पाटीकडे पाहणं सोडून दिलं. दिव्याचा उजेड वाढवून दाखवावा म्हणून फाइल उघडली, दिव्याच्या खणात सर्वांत मोठा आकडा घातला आणि ‘हा खण लिहा’ ऐवजी ‘सगळं लिहा’ दाबलं. ही दोन बटणं शेजारी शेजारी ठेवणाऱ्या माणसाला मी एकदा भेटणार आहे. दुसरं बटण मोठं आहे, एवढंच त्याला सांगायचं आहे.

आता लक्षात ठेव, मास्तरांची चिप गॅरेजवाल्याची होती, आणि मोठ्या कंपनीच्या चिपमध्ये ज्या खणात दिवा, त्याच खणात गॅरेजवाल्याच्या चिपमध्ये सुटतानाचा धक्का. मास्तरांचं इंजिन रुळावर ठेवलं, वेगाची मूठ जेमतेम फिरवली आणि गोफणीतून दगड सुटावा तसं ते सुटलं. डबा स्टेशनातच राहिला, जोडणीचा आकडा तोंडात घेऊन. इंजिन माझ्या बोगद्यात शिरलं (रद्दी, सरस आणि तारेची जाळी, वाळायला आठवडा लागला होता) आणि बोगदा अंगावर घेऊन बाहेर आलं. डोंगराला पळताना पाहायची वेळ कुणावर येऊ नये, ताई. तो डोंगर झाडांसकट दोन स्टेशनं ओलांडून गेला, वळणावर कलंडला आणि बूटवाल्यांच्या पायाशी पडला. उजव्या बुटावर हिरवळ चिकटली. वरून दंतवैद्य धावत आले, हातमोज्यांसकट. “मी वर दाढ काढतो आहे. तुम्ही खाली काय काढता आहात?” बूटवाले वाकून हिरवळ खरवडत होते. वर पेशंटनेही हेच विचारलं असतं, पण त्याचं तोंड उघडंच होतं.

मास्तरांनी इंजिन उचललं, त्यावरचा डोंगर फुंकरीने उडवला, चाकं फिरवून पाहिली. इंजिनाला काही झालं नव्हतं. मला म्हणाले, “असू द्या. एरवीही आता लवकर पोचायलाच हवं.” आणि मफलर गुंडाळून निघून गेले. मी मनात म्हटलं, चला, थोडक्यात निभावलं. आकडेच तर गेलेत, उद्या पुन्हा घालू.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. आधी कधी गेलो नव्हतो. (इतकी वर्षं एका टेबलाशी बसून एकमेकांच्या घरी न गेलेली माणसं म्हणजे मंडळ.) एकच खोली. खोलीच्या मधोमध लोखंडी पलंग, त्यावर गादी नाही, नुसत्या पट्ट्या. आणि रूळ पलंगाभोवती. खिडकीच्या कट्ट्यावरून निघून, कपाटाच्या माथ्यावरून, पायगतीच्या फळीवरून पुन्हा खिडकीशी. मांडणी ओबडधोबड, एका सांध्यात तर फट होती, मी तोंडावर बोललो नाही. विचारलं, तुमचे जुने आकडे काय होते? म्हणाले, आकडे मला कुठे माहीत. विचारलं, मग इतकी हळू गाडी लावलीत कशी?

तर मास्तर तिकिटांचे दर सांगावेत तशा आवाजात सांगायला लागले. बायको अंथरुणाला खिळली होती. शेवटी शेवटी तिचे फक्त डोळे हलायचे. गाडी फिरायची आणि ती डोळ्यांनी बघायची. गाडी जोरात गेली की कपाटापाशी ती तिच्या नजरेतून सुटायची, मग गाडी फिरून येईपर्यंत तिला नुसतं छताकडे बघत राहावं लागायचं. म्हणून त्यांनी एका खणातला आकडा थोडा कमी केला. मग तिचे डोळे आणखी थकले. “मग काय,” मास्तर म्हणाले, “कमी करत गेलो.” ती गेल्यावर त्यांनी आकडे तसेच राहू दिले. जे आम्ही चेष्टा करत बघायचो आणि मी जे एका बटणात पुसलं, ते त्या बाईच्या नजरेचा शेवटचा वेग होता. ताई, मी तुला उगाच रडवायला हे लिहीत नाही. चिप वाचून ठेवली असती तर वीस मिनिटं लागली असती, एवढं तांत्रिक म्हणून सांगतो आहे.

त्यानंतर दुकान बंद करून मी रोज मास्तरांकडे जाऊ लागलो. मी आकडे घालायचो, गाडी निघायची, मास्तर तिच्याकडे बघायचे, मग उशाकडे बघायचे, आणि मान हलवायचे. “जरा भराभर होतंय.” पुन्हा आकडे. “आता अडखळतंय. ती अडखळत नव्हती.” (गाडी की बायको, हे मी विचारलं नाही.) असे बरेच दिवस गेले. घरी तुझी भावजय पाय बादलीत ठेवून विचारायची, आज कुठवर आली गाडी? एकदा मी तिला सगळंच सांगितलं, दोन फायली, पुसलेली ओळ, खण. तिला चिपांतलं काही कळत नाही, पण तिच्या दुकानात भिंगांचे खण भिंतभर आहेत. ती म्हणाली, “आमच्याकडे दोन खणांवर एकच नंबर असतो. नंबर तोच, पण आतला तिरपेपणा वेगळा. मी दोन्ही एकात ओतले ना, तर माणूस दारातून जायच्या ऐवजी दारावर जाईल. तुम्हाला दोन खण कशाला आहेत हे विचारावंसं वाटलं नाही का हो?” आणि मी काही म्हणायच्या आत, त्याच श्वासात, “सही कधी करताय?” तिने एका फर्निचरच्या दुकानात आरामखुर्ची बघून ठेवली आहे. तयार मिळणारी. पाय वर घेता येतात, पाठीशी कळ आहे. मी म्हटलं, अशी खुर्ची मी करून देतो. ती म्हणाली, “नको, मला आत्ता बसायचंय.”

मग एक दिवस मास्तर म्हणाले, “झालं. हेच. अगदी हेच.” मी लॅपटॉप मिटला, त्यांनी मला पाणी दिलं, आम्ही दोघेही बरं वाटल्यासारखं बसलो. पण हे म्हणण्याआधी त्यांनी उशाकडे पाहिलं नव्हतं. मी रोज तंगड्या तोडत येतो, माझा धंदा बसला आहे, म्हणून माणुसकीने म्हणाले. मी जिना उतरलो आणि कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिलो. (कठडा हलतो. कुणा शिकलेल्या सुताराने केला असावा.)

घरी येऊन त्या फायलीच्या पुन्हा दोन केल्या. ती ओळही परत लिहिली आणि खाली कारण लिहिलं, चांगलं सविस्तर, खणाच्या क्रमांकासकट. ज्या माणसाने ती आधी लिहिली होती त्याचंही बहुधा असंच काहीतरी झालं असेल. त्याला कारण लिहवलं नसेल. मला लिहवलं, कारण मी आकड्यांपुरतं लिहिलं.

आणि मग बूटवाल्यांचा कागद आला. गुळगुळीत, जाड, वास येणारा. तुझ्या भावजयीने तो दोन्ही हातांनी धरून वाचायला घेतला. अटी अशा, की माझी यादी कंपनीची होणार. ज्या कंपन्या मेल्या त्यांच्या फायली काढून टाकायच्या, आणि जिथे क्रमांक जुळतो तिथे ह्यांच्या चिपच्या फायलीत मिसळून टाकायच्या, म्हणजे जुनी चिप बिघडली की लोक आपसूक नवी घेतील. आणि हे काम मीच करायचं, पगारावर, कारण कुठली फाइल खरंच कुणाची हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. मी बूटवाल्यांना फोन केला, म्हटलं, मेलेल्यांच्या फायली राहू द्या की एका कोपऱ्यात, जागा कितीशी खातात? तो म्हणाला, “काका, मेलेल्यांसाठी पैसे कोण देतं?” वर म्हणाला, त्या दिवशी डोंगर पळाला तो फारच छान झाला. जुनी चिप किती धोक्याची असते हे लोकांना पटवायला ह्याहून चांगलं काय हवं? मास्तरांसाठी त्याने एक नवी चिप भेट म्हणूनही पाठवली. ती हवी तितकी हळू चालते, त्यांच्या जुन्या चिपपेक्षाही हळू, आणि अडखळत नाही. मी ती मास्तरांना नेऊन दिली. त्यांनी डबी उघडून पाहिली, म्हणाले, “चांगली असेल,” आणि औषधांच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

आता रात्रीच्या जेवणाची हाक आली आहे, आणि पेनातली शाईही माझ्यासारखीच धीर सोडत चालली आहे. तुझ्या गुडघ्यांना शेक दे. भाऊजींना माझा नमस्कार जरा मोठ्याने सांग. आणि माझी काळजी करू नकोस, ते काम इथे एकजण बादलीत पाय ठेवून पूर्ण वेळ करते आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. कपाटाचं दार ओढायचं असतं हे वर लिहिलं आहेच. बिजागरी ढिली झाली असेल तर सुताराला हात लावू देऊ नकोस. मी येईन.

ता. क. दुसरा. सही केली नाही. गेल्या सोमवारी कागद कोरा परत पाठवला, सोबत दोन ओळींचं पत्र, सभ्य भाषेत. तुझ्या भावजयीला हे ठाऊक नाही. तिला वाटतं मी अजून अटी वाचतो आहे, आणि मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर अटींची एक छायाप्रत हातात धरून बसतो. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं. दुपारी दुकानात गर्दी नसते, तेव्हा तिला फोन कर आणि तू सांग. तुझं ती ऐकते. माझं ऐकण्यात तिची बरीच वर्षं गेली आहेत.

ता. क. तिसरा. मास्तरांसाठी नाही म्हटलं असं तिला सांगू नकोस. त्यांचे आकडे गेले ते गेले, मी सही केली असती तरी परत आले नसते आणि नाही केली म्हणूनही आले नाहीत. मोठेपणाबिठेपणा काही नाही ह्यात. मला ती फाइल पुन्हा एकदा पुसायची नव्हती, एवढंच. हे कारण तिला पुरणार नाही, मलाही रोज पुरत नाही. पण रडून झाल्यावर ती पहिला प्रश्न आकड्याचा विचारेल, आणि कागदाची पहिली, एकरकमी पैशांची ओळ वाचून तिने तो झाकून ठेवला होता, पुढचा पगार तिने पाहिलेला नाही. तू चाचपडू नयेस म्हणून दोन्ही लिहून देतो. मी नाकारलं ते असं: यादीचे एकरकमी सहा लाख चाळीस हजार, आणि पुढची पाच वर्षं, बसून करायच्या कामाचे, दरमहा अठ्ठावीस हजार.